पाऊलवाट धावशर्यत

पाऊलवाट धावशर्यत : डोंगर, अरण्य, पठार, वाळवंट यांसारख्या नैसर्गिक प्रदेशांतून, मुख्यतः कच्च्या वाटांवरून धावण्याची स्पर्धा. इंग्रजीत तिला ‘ट्रेल रेस’ म्हणतात व मराठी धावपटूंमध्येही हीच संज्ञा प्रचलित आहे. मार्गात डांबरी वा सिमेंटचा रस्ता शक्य तितका कमी असावा, असा नियम आहे. सडकेवरील शर्यतीत अंतर व वेळ ही दोन परिमाणे बहुधा पुरेशी ठरतात. पाऊलवाटेवर त्यांत चढ-उतार, जमिनीचे स्वरूप व हवामान यांची भर पडते. साहजिकच सडकेवर मुरलेला धावपटूही या प्रकारात प्रथम उतरतो, तेव्हा बऱ्याच अंशी नवशिकाच असतो.

इतिहास : डोंगर चढून जाण्याच्या शर्यतींची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे अकराव्या शतकात राजाने चपळ निरोप्या निवडण्यासाठी अशी शर्यत लावली, अशी परंपरागत कथा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या डोंगराळ भागांतील ग्रामीण क्रीडामेळाव्यांत या शर्यती लोकप्रिय होत्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ‘डिप्सी’ ही सु. १२ कि.मी. ची शर्यत १९०५ मध्ये सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील सिएर-झिनाल ही शर्यत १९७४ पासूनची असून तिचे अंतर ३१ कि.मी. व एकूण चढ सु. २,२०० मी. आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सु. १६० कि.मी. च्या एका घोडदौडीत गॉर्डी एन्सली हा स्पर्धक घोड्याविना, पायी धावत सहभागी झाला व त्याने ते अंतर २४ तासांच्या आत पुरे केले. त्यातूनच पुढे ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही दीर्घ पल्ल्याची शर्यत १९७७ मध्ये आकारास आली. २००३ मध्ये माँ ब्लां पर्वताभोवती फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी सु. १७० कि.मी. ची शर्यत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय पाऊलवाट धावसंघटना २०१३ मध्ये स्थापन झाली आणि २०१५ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने या प्रकारास मान्यता दिली. पर्वतीय व पाऊलवाट शर्यतींची पहिली संयुक्त जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे झाली.

काठिण्याचे मापन : अंतरात चढाचा हिशेब मिळविण्याची कल्पना गिर्यारोहणातून आली. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला. दर सु. ५ कि.मी. चालीस एक तास आणि दर सु. ६०० मी. चढास आणखी एक तास धरावा, असे त्याने सुचविले. आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘किलोमीटर-श्रम’ ही मोजणी याच धर्तीची आहे. तीत कि.मी. मधील अंतरात प्रत्येक १०० मी. चढासाठी १ मिळवितात. उदा., २१ कि.मी. अंतर व १,००० मी. चढ असलेल्या शर्यतीचे किलोमीटर-श्रम ३१ होतात. तिला सडकेवरील अर्धमॅरेथॉन समजून वेळेचा अंदाज बांधणारा नवखा धावपटू पहिल्याच चढावर फसतो. शिवाय या मोजणीत निसरडा कातळ, चिखल वा ऊन यांचा हिशेब नसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पूर्वतयारी : सडकेवर १० कि.मी. विनासायास धावू शकणाऱ्याने पहिल्या शर्यतीसाठी १० ते २० कि.मी. चे अंतर व बेताचा चढ निवडणे इष्ट होय. दोन-तीन महिन्यांच्या सरावात आठवड्यातून निदान एकदा तरी प्रत्यक्ष डोंगरवाटेवर धावावे आणि सरावाची मोजणी अंतरापेक्षा वेळेवर करावी. चढाइतकाच उताराचा सरावही आवश्यक असतो. उतरताना मांडीचे पुढील स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा वेग आवरतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते व त्यानंतरचे एक ते तीन दिवस वेदना जाणवतात. तथापि अशा सरावाची पुनरावृत्ती झाली, म्हणजे तेच स्नायू पुढील वेळी कमी दुखावतात. घोट्याची बळकटी व एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायामही उपयुक्त ठरतात.

तंत्र : तीव्र चढावर धावण्यापेक्षा चालण्यास कमी ऊर्जा लागते. म्हणून अशा ठिकाणी अव्वल धावपटूही हात गुडघ्यांवर टेकवून वा काठ्यांचा आधार घेऊन चालतात. त्यात कमीपणा नाही. उतारावर शरीर मागे झुकवून टाचांवर भार दिल्यास पाय घसरतो व गुडघ्यांवर ताण येतो. म्हणून पावले आखूड व जलद टाकावीत आणि नजर पायांशी न ठेवता काही पावले पुढे ठेवावी. सुरुवातीच्या गर्दीत अरुंद वाटेवर पुढे जाण्याची धडपड बहुधा अंगाशी येते. पाणी तहानेनुसार प्यावे. गरजेपेक्षा फार पाणी प्याल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून धोका निर्माण होतो.

साहित्य व सुरक्षितता : खाचखळग्यांत पकड देणाऱ्या नक्षीदार तळव्यांचे बूट, पाणी व खाद्य नेण्यासाठी अंगालगत बसणारी पिशवी, वारा-पाऊस रोखणारे जाकीट, उष्णता राखणारे चंदेरी आवरण, शिटी, दूरध्वनी आणि अंधाराची शक्यता असल्यास डोक्यावरील दिवा या वस्तू अनेक शर्यतींत सक्तीच्या असतात. नवख्या धावपटूला हे निरर्थक ओझे वाटते. त्याचे महत्त्व एका दुर्घटनेने अधोरेखित केले. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात ह्वांग हो नदीकाठच्या प्रदेशात झालेल्या १०० कि.मी. च्या शर्यतीत १७२ स्पर्धक होते. उंचावरील ज्या टप्प्यात वाहने पोहोचू शकत नव्हती, तेथेच गारा, थंड पाऊस व सोसाट्याचा वारा यांनी त्यांना गाठले. अनेकांच्या अंगावर तोकडे कपडे होते, कारण वारारोधक जाकीट सक्तीच्या वस्तूंत नव्हते. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरून २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत देशातील अग्रगण्य धावपटूही होते. एका मेंढपाळाने गुहेत आसरा देऊन सहा स्पर्धकांचे प्राण वाचविले. शारीरिक क्षमता हा हवामानापासूनचा बचाव नव्हे, हे या घटनेवरून स्पष्ट होते. वेळेवर माघार घेणे हा या खेळातील कौशल्याचाच भाग मानला पाहिजे.

संकेत : स्पर्धकाने खुणांवर लक्ष ठेवून मार्गाला धरून राहावे, आडवाटेने अंतर वाचविणे नियमबाह्य असते. ठराविक वेळेत तपासणी नाक्यावर न पोहोचणाऱ्यास थांबविण्यात येते. मागून वेगाने येणाऱ्यास वाट द्यावी. वेष्टने व बाटल्या मार्गात टाकू नयेत. जखमी स्पर्धकाजवळ थांबून मदत मिळवून देणे हे कर्तव्य होय व त्यासाठी स्वतःच्या वेळेवर पाणी सोडावे लागले, तरी ते करावेच लागते.

सह्याद्रीतील शर्यती : महाराष्ट्रात पुण्यानजीकच्या सिंहगड, राजगड व तोरणा (१,४०३ मी.) या किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर अशी शर्यत भरते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन चढाची असली, तरी ती डांबरी रस्त्यावरून जात असल्याने या प्रकारात मोडत नाही. सह्याद्रीतील काळ्या बसाल्ट खडकावर पावसाळ्यात शेवाळ धरते. पुढे वाटा सुकल्या, की मुरमाड उतारांवर घसारा तयार होतो. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात वाटेतील धोंडे झाकले जातात. उघड्या सोंडांवर सावली नसते व उन्हाळ्याकडे टाक्यांतील आणि झऱ्यांतील पाणी आटते. कड्यांवरील आग्या मोहळांचाही धोका असतो. म्हणून येथे प्रथमच धावणाऱ्याने शर्यतीपूर्वी तीच वाट एकदा, शक्यतो स्थानिक जाणकारासमवेत, चालून पाहणे श्रेयस्कर ठरते. पाणी कोठे मिळते, घसारा कोठे आहे व संकटात कोणत्या वाटेने गावात उतरता येईल, या तीन गोष्टी अशा चालण्यातूनच कळतात.