पश्म: चांगथांगच्या शेळीपासून श्रीनगरच्या मागापर्यंत

लडाखच्या चांगथांग पठारावरील चांगरा शेळीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, तर त्यांच्याखाली कातडीलगत दाट, मऊ लव. ही लव म्हणजे पश्म; युरोपात काश्मीरच्या नावावरून तिला कॅशमीर म्हणतात. उन्हाळा मध्यावर येऊन दिवस आखडू लागले की ती वाढू लागते आणि वसंतात आपोआप सुटते. पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून उंच आहे आणि हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखाली उतरतो. पश्मचे श्रेय नेहमी या थंडीला दिले जाते, पण तिच्या तलमपणात शेळीचा वाण आणि तिथला तुटपुंजा चारा यांचाही वाटा आहे. भरपूर सकस खाणे मिळालेल्या शेळीचा तंतू जाड होतो.

चांगपा पशुपालक ही लव कातरत नाहीत, विंचरतात. मे-जूनच्या सुमारास शेळीचे पाय बांधून तिला आडवी करतात आणि वाकड्या दातांच्या लांब फणीने मानेपासून पोटाकडे लव ओढून काढतात. एका शेळीपासून साधारण पाव किलो कच्चा माल मिळतो. त्यात राठ केस, धूळ, कोंडा असे सगळेच असते. साफसफाईनंतर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. मेरिनो मेंढी वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, इकडे एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव लागते.

चांगथांगचा तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन भरतो. जागतिक व्यापारात सरासरी १९ मायक्रॉनपर्यंतचा माल कॅशमीर म्हणून चालतो. मात्र पश्मची महती केवळ बारीकपणात नाही, कारण उत्तम मेरिनो लोकरही १५-१६ मायक्रॉनपर्यंत उतरते. पश्मच्या तंतूवरचे खवले पातळ आणि कमी उठावाचे असल्याने तो अंगाला टोचत नाही. तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून वजनाच्या मानाने ऊब फार. टिकाऊपणात मात्र तो लोकरीपुढे उणाच: घासला की गोळे धरतो.

या लवेसाठी राज्ये झगडली. लडाख आणि तिबेट यांच्यातील १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच पोचेल अशी व्यवस्था झाली. १८३४ मध्ये जम्मूचे राजे गुलाबसिंग यांचे सेनापती जोरावरसिंग यांनी लडाखवर स्वारी केली, तेव्हा हा व्यापारही डोळ्यांपुढे होता. १८४६ च्या अमृतसर तहात गुलाबसिंगांनी इंग्रजांना दरसाल द्यायच्या नजराण्यात एक घोडा, शालीची लव देणाऱ्या जातीच्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या लिहिलेल्या आहेत.

खरी किंमत घडते ती श्रीनगरच्या घरांत. राठ केस हाताने वेचून काढल्यावर पश्मला तांदळाचे पीठ चोळून ठेवतात. पीठ तेलकटपणा शोषते आणि तंतूला बळ देते. मग बायका यिंदरवर, म्हणजे काश्मिरी चरख्यावर, सूत काततात. तंतू आखूड आणि नाजूक, यंत्राचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यात त्यात नायलॉन मिसळतात आणि कापड विणून झाल्यावर आम्लाने ते विरघळवतात. या आम्लाने पश्मही कमकुवत होते. हातमागाची शाल आणि कारखान्यातली शाल दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात, हे हातकामाचे सर्वांत मोठे दुखणे आहे.

कानी शालीत नक्षी भरतकामाने येत नाही, विणतानाच उमटते. त्यासाठी रंगागणिक सूत गुंडाळलेल्या लहान लाकडी काड्या वापरतात. किती ताणे, कोणता रंग, हे ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असते आणि विणकर ते वाचत ओळीमागून ओळ विणतो. दाट नक्षीच्या एका शालीत वर्ष सहज जाते, कधी त्याहूनही जास्त.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय श्रीमंतांमध्ये या शालींचे वेड पसरले. स्कॉटलंडच्या पेझली गावात त्यांच्या नकला निघू लागल्या आणि शालींवरच्या आंब्याच्या कोयरीसारख्या नक्षीला गावाचेच नाव पडले. इकडे विणकरांवरचा कर जाचक झाला होता. १८६५ मध्ये श्रीनगरात विणकरांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. तो सैन्याने उधळला आणि कित्येक विणकर कालव्यात बुडून मेले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्सची बाजारपेठ बसली, पाठोपाठ १८७७ च्या दुष्काळाने विणकरांची घरेच्या घरे संपली.

आज जगातील बहुतांश कॅशमीर चीन आणि मंगोलियातून येते. लडाखचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. मंगोलियात १९९० नंतर सरकारी नियंत्रण उठल्यावर शेळ्यांची संख्या सुमारे ५० लाखांवरून अडीच कोटींच्या पुढे गेली. शेळी गवत मुळापर्यंत खाते, त्यामुळे तिथली कुरणे उजाड होत चालली आहेत. स्वस्त कॅशमीर स्वेटरची किंमत या कुरणांनी मोजली आहे.

काश्मीर पश्मिन्याला, म्हणजे पश्मच्या विणलेल्या कापडाला, २००८ मध्ये, तर लडाखच्या पश्मिन्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काश्मीरच्या मानांकनासाठी तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा, सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले असावे लागते. श्रीनगरच्या तपासणी केंद्रात शाल पारखून मगच तिला चिठ्ठी लावतात. कातणाऱ्या बाईचा मेहनताना मात्र सुताच्या गाठींवर मोजला जातो आणि कित्येक वर्षे तो गाठीला एक रुपया एवढाच होता. त्यामुळे अनेकींनी चरखा सोडला. त्यांना परत आणायचे तर मानांकनाच्या चिठ्ठीने वाढलेल्या किमतीतला हिस्सा त्यांच्या हातात पडायला हवा, आणि ती वाटणी अजून व्यापाऱ्याच्याच मर्जीवर आहे.