दोष मातीचा नव्हता

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी ही गावे धरणीकंपाने जमीनदोस्त झाली, तेव्हा हजारो माणसे माळवदाच्या घरांखाली गाडली गेली. आणि त्या दिवसापासून माती गुन्हेगार ठरून या मुलखाची सारी भिस्त सिमेंटवर जाऊन बसली. दुःखातून जन्मलेल्या या श्रद्धेचा अनादर कोणी करू नये. तथापि तिची तपासणी करणे अगत्याचे आहे.

पडलेल्या भिंतींनी जी साक्ष दिली ती अशी, की त्यांचे आतले व बाहेरचे पदर आरपार दगडांनी एकमेकांस जखडलेले नव्हते, आणि गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीच्या थरांनी छप्पर अतिशय जड झाले होते. हादऱ्यासरशी पदर विलग झाले व तो भार निजलेल्या माणसांवर आला. म्हणजे दोष सांध्याचा आणि ओझ्याचा होता.

उलटपक्षी सिमेंटचीही किंमत आहे. शुद्ध चुनखडी भाजली असता दर १०० किलोंमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. त्यात सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापणाऱ्या भट्टीच्या इंधनाचा धूर निराळाच. जगात मनुष्यकृत्यांमुळे निघणाऱ्या या वायूपैकी सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. शिवाय दुपारी तापलेला पातळ स्लॅब रात्रीही उष्णता घरात सोडीत राहतो, तर जाड मातीची भिंत तीच उष्णता मोठ्या विलंबाने आत येऊ देते.

हलकेपणाची विद्या सास्तूरच्या जिल्ह्यास अपरिचित नाही. तेर येथील प्राचीन विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या असल्याची ख्याती आहे. मातीत तूस कालवून वीट भाजली, की तूस जळून तिच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. इमारत जितकी हलकी तितका भूकंपाचा तडाखाही कमी, कारण हादऱ्याचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते.

म्हणून स्थानिक दगड-मातीच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावेत, चौफेर अखंड पट्टा फिरवावा, छप्पर हलके ठेवावे, आणि सिमेंट केवळ जेथे सांध्यास त्याची निकड असेल तेथेच खर्चावे. सास्तूरच्या मृतांचे खरे ऋण असे घर बांधल्यानेच फिटेल, जे पहाटेच्या हादऱ्यात उभे राहील आणि वैशाखाच्या दुपारी आपल्या माणसांना सावली देईल.