इन्सुलिन घेतले, गिऱ्हाईक आले, जेवण राहिले

पिरंगुटच्या कारखान्यांना माल पोहोचवणारा असो की पौडच्या बाजारातला दुकानदार, मुळशी तालुक्यातल्या धंदेवाल्याची जेवणाची वेळ गिऱ्हाईक ठरवते. मधुमेह असलेल्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना ही सवय किती महागात पडेल, हे सुईत कोणते औषध आहे त्यावर अवलंबून आहे.

इन्सुलिन हे स्वादुपिंडातले हार्मोन. ते रक्तातली साखर स्नायूंत व चरबीच्या पेशींत पोहोचवते आणि यकृताला साखर सोडू देत नाही. पण बाहेरून टोचलेले इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही, हे पाहत नाही. जेवणाआधीची सुई घेतली आणि टेम्पो उतरवायला उभे राहिलात, की घाम, थरथर, घेरी. करवतीवर हात असताना घेरी आली तर काय होते, हे कारागिराला आम्ही काय सांगावे! खिशात साखरेची पुडी ठेवाच. (पूर्वी इन्सुलिन गाईच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, म्हणून कित्येक जण कचरत. जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन 1982 पासून बाजारात आहे.)

सध्या चर्चा आहे ती जीएलपी-1 या आतड्यातल्या हार्मोनची. मूळ हार्मोन काही मिनिटांत नष्ट होते. त्याची नक्कल असलेल्या सेमाग्लुटाइडची सुई आठवडाभर पुरते. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाकडून जादा इन्सुलिन सोडवून घेते. भूकही मंदावते. म्हणून एकटे घेतल्यास साखर एकदम घसरण्याची भीती कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गोळीबरोबर मात्र ती वाढते. मळमळ, उलट्या होतात. वजनाबरोबर स्नायूही घटतात, हे अंगमेहनतीवर पोट असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. टाइप 1 च्या रुग्णाने इन्सुलिन सोडून याच्या मागे लागणे जिवावर बेतेल.

आता हिशेब. याच जातीचे टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आले तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या कुपीला 3,500 रुपये पडत, आणि महिन्याला कुप्या चार. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. औषध स्वस्त मिळाले तरी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नये. बावधनला खास मधुमेहासाठी निघालेले चेल्लाराम रुग्णालय तालुक्यातच आहे.

रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी सहा ते आठ आठवडे आधीच डोस ठरवून घ्यावा. सहरी आणि इफ्तारमुळे सगळ्या वेळा उलटतात. रोज्यात साखर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात.