कुंचलेवाला गव्हर्नर : सर रिचर्ड टेंपल

सर रिचर्ड टेंपल (१८२६–१९०२) हे १८७७ ते १८८० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली तयार झालेला हा मुलकी अधिकारी पुढे नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, हैदराबादचा रेसिडेंट, हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य आणि बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. या सगळ्या बदल्यांत रंगपेटी त्यांच्यासोबत असे.

अधिकाऱ्याने चित्रे काढणे त्या काळी नवलाचे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील लष्करी विद्यालयात रेखाटन शिकवले जाई, कारण मोजणी आणि नकाशांना त्याचा उपयोग होता. पाटण्यात अफूचे एजंट असलेल्या सर चार्ल्स डॉयली यांनी बाजार, नोकरचाकर, साहेबांची घरे असे रोजचे जीवन चितारले आणि हौशी मंडळींचा शिळाछापखानाही चालवला. टेंपल यांचा ओढा मात्र निसर्गदृश्यांकडे होता. हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम व नेपाळ येथील त्यांच्या रोजनिशा १८८७ मध्ये पुत्र रिचर्ड कर्नाक टेंपल यांनी संपादित केल्या. त्यांत रंगीत शिळाछाप चित्रे आहेत.

माणसांविषयी टेंपल यांना कुतूहल नव्हते असे नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांविषयी जमवलेले टिपण त्यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनीच १८६६ मध्ये छापवले. पण माणसांशी त्यांचा सर्वांत मोठा संबंध आला तो दुष्काळात. १८७३–७४ च्या बिहारच्या टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला. मृत्यू फार थोडे झाले, पण उधळपट्टीचा ठपका बसला. १८७७ च्या आरंभी ते दक्षिणेतील दुष्काळाच्या पाहणीवर धाडले गेले, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा, हे प्रमाण ‘टेंपल मजुरी’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनी त्याला हरकत घेतली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दख्खनच्या हालांविषयी सरकारकडे अर्ज केले आणि मुंबई इलाख्यात कामावरचे मजूर संपावर गेले.

त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले आणि शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर दख्खन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी याच काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. ते काम १८७२ ते १८८५ चालले.

१८८० मध्ये टेंपल मायदेशी परतले, पुढे पार्लमेंटचे सभासद झाले, पण कुंचला सुटला नाही. १८८८ च्या त्यांच्या पॅलेस्टाइनवरील पुस्तकात त्यांचीच चित्रे छापली आहेत. त्यांच्या निसर्गचित्रांतून मुलूख दिसतो. त्या मुलखातली माणसे १८७० च्या दशकात कशी जगली, हे समजण्यासाठी मात्र दुष्काळाचे सरकारी अहवाल आणि सार्वजनिक सभेचे अर्जच वाचावे लागतात.