सत्त आणि सात

सिंगापुरात हार्बरफ्रंटला व्हिवोसिटी मॉलच्या मागे, पाण्याकडे तोंड करून आम्ही बसलो होतो. डोक्यावरून केबल कारचे डबे सेंटोसाकडे चालले होते आणि नात ते मोजत होती, तेही मलय भाषेत. "सातू, दुआ, तिगा..." मधेच थांबून मला म्हणाली, "आबा, दुआ म्हणजे दोन! आणि सेंटोसा म्हणजे संतोष, तुम्हीच सांगितलंत. म्हणजे मलय ही मराठीची बहीणच ना?"

"आणि सातू म्हणजे?"

"एक."

"बघ, इथेच फसलं. चार-पाच काय गं?"

"एम्पात, लिमा."

छे! दुआ आणि दोन यांचं जुळणं निव्वळ योगायोग. सेंटोसा बेटाच्या जुन्या नावात 'माती' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ मेलेला, म्हणून काही तो आपल्या मातीतून आलेला नाही. मलय वेगळ्याच घराण्यातली, तिची भावंडं फिलिपिन्सपासून थेट मादागास्करपर्यंत. संतोष, भाषा, काच हे शब्द मात्र व्यापाऱ्यांच्या, भटा-भिक्षूंच्या जहाजांतून इकडे आले. आपलं कपाळ इथे 'कपाला' झालं आणि वाढत वाढत अख्खं डोकं बनलं. फूड कोर्टात माशाच्या डोक्याच्या कालवणाच्या पाटीवर 'कपाला इकान' दिसतं ना, तेच ते. पण शेजारून वाटीभर साखर आणली म्हणून शेजारी काही चुलते होत नाहीत.

"मग खरी बहीण ओळखायची कशी?"

"तुझी ती पंजाबी मैत्रीण सातला काय म्हणते?"

"सत्त. आणि हाताला हत्थ, दुधाला दुद्ध. आम्ही हसतो तिला."

हसू नये. ती पोरगी आपल्या खापरपणजीसारखं बोलते. संस्कृतात होतं सप्त, हस्त, दुग्ध. आता 'सप्त' भरभर दहादा म्हणून बघ. ओठ मिटायचे, लगेच जीभ दाताला लावायची, कंटाळा येतो. मग बोलता बोलता दोन वेगळी व्यंजनं सारखी झाली: सत्त, हत्थ, दुद्ध. हे प्राकृत. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जो लेख कोरला, तो प्राकृतातच. पंजाबी या पायरीवरच थांबली. आपल्या पूर्वजांनी आणखी आळस केला आणि जोडीतलं एक व्यंजन टाकून दिलं. पण वजनात खोट नको! म्हणून आधीचा स्वर ताणला. सत्त म्हण, सात म्हण. दोन्हींना वेळ तेवढाच लागतो. वाण्याने गूळ काढून घेतला, तर तागडीत तेवढ्याच वजनाची साखर टाकली म्हणायची.

गंमत अशी, की हे एखाददुसऱ्या शब्दाचं झालं नाही. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, तरी पाऊस पडावा तसं ते शब्दांवर सरसकट पडलं. कर्णाचं कण्ण, मग कान. अष्टाचं अट्ठ, मग आठ. मी नातीला म्हटलं, "आता तू सांग. नृत्याचं प्राकृतात नच्च झालं. पुढे?"

तिने क्षणभर ओठ हलवले. "नाच! अय्या, आणि पंजाबी गाण्यात नच्च नच्च असतंच की!"

नियम कळला की न ऐकलेला शब्दही असा आधी सांगता येतो. अपवाद निघतात, पण बहीण ओळखायची ती याच नियमाने, शब्दांच्या नुसत्या दिसण्यावरून नव्हे. श्रीलंकेत गेलेल्या सिंहलीने स चा ह केला, तिचं सात म्हणजे 'हत'. युरोपातले रोमा लोक हिंदुस्थानातून निघाले त्याला हजारेक वर्षं झाली, पण त्यांच्या बोलीत कान आजही 'कान'च. या घराण्याला इंडो-आर्य म्हणतात. मराठी, कोकणी, गुजराती, बंगाली, सिंधी, नेपाळी, सगळ्या त्यातल्या. सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज ज्या पाच भारतीय भाषा घेता येतात, त्या हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू. पाचही आपल्या मावश्या. मराठी तेवढी रविवारच्या वर्गावर आणि आजोबांवर सोपवलेली.

"आणि तमिळ? स्टेशनात ऐकू येते ती?"

तमिळ द्राविडी, म्हणजे शेजारीण. पण मराठी तिच्या बहिणींच्या, कानडी-तेलुगूच्या, भिंतीला भिंत लावून वाढली. हिंदीत एकच 'हम'. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण'. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की तो आत. 'आपण' हा शब्द संस्कृतातल्या आत्मन् पासून आलेला, घरचाच. पण त्याला हे काम लावायची रीत आपण द्राविडी शेजारणींकडून उचलली, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि गंमत बघ, मलयमध्येही असे दोन शब्द आहेत: कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण. नातं नाही, उसनवारी नाही, तरी तीच सोय!

नात उठली. आई समोरून येत होती.

"आबा, आम्ही आइस्क्रीम खायला चाललोय."

"आम्ही, की आपण?"

"आम्ही. तुम्हाला शुगर आहे."