घरच्या घरी वाटाण्याचे दूध: कसे करायचे, आणि ते गायीच्या दुधाची जागा घेऊ शकते का?

गायी-म्हशीचे दूध काहींना पचत नाही, काहींना त्याची ॲलर्जी असते, तर काहीजण प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ खातच नाहीत. अशा लोकांसाठी सोया, बदाम आणि ओट्सच्या दुधाबरोबर आता वाटाण्याचे दूधही मिळू लागले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या ‘रिपल फूड्स’ या कंपनीने 2016 मध्ये ते बाजारात आणले आणि त्यानंतर ते अनेकांच्या परिचयाचे झाले. वाटाण्यात प्रथिने भरपूर असतात. शिवाय सोया किंवा बदामाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना वाटाणा चालतो, म्हणून त्याला मागणी आहे.

वाटाणा तर आपल्या घरात उसळीसाठी आणि रगड्यासाठी असतोच. मग त्याचे दूध घरी का करू नये? करता येते. पण पहिल्या प्रयत्नात बहुधा पिठल्यासारखे घट्ट आणि कच्चट वासाचे काहीतरी हाती लागते. असे का होते हे एकदा कळले की कृती सोपी आहे. मात्र हे दूध नेमके कशाची जागा घेऊ शकते आणि कशाची नाही, हे कृतीपेक्षाही आधी समजून घ्यायला हवे.

कोणता वाटाणा घ्यावा?

दुधासाठी वाळलेला पांढरा किंवा पिवळा वाटाणा घ्यावा. त्याची सोललेली डाळ मिळाली तर साले काढण्याचे कामही वाचते. वाळलेल्या वाटाण्यात 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात. ताज्या हिरव्या मटारमध्ये पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने तेवढ्याच वजनात जेमतेम 5 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि दूधही हिरवे होते.

दूध घट्ट का होते? वास का येतो?

बदामात तेल जास्त आणि पिष्ट म्हणजे स्टार्च कमी असतो. वाटाण्यात नेमके उलटे असते. त्यात तेल अगदी थोडे, तर स्टार्च जवळजवळ 40 ते 45 टक्के असतो. स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. पाणी साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हेच कण पाणी शोषून फुगतात आणि द्रव दाटतो. पिठले आटते तेही याच कारणाने.

वासाचे कारण वेगळे आहे. वाटाण्यात लायपॉक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. कच्चा वाटाणा पाणी घालून वाटला की हे विकर त्यातल्या तेलाच्या अंशावर काम करू लागते आणि काही मिनिटांतच हिरवट, कच्चट वासाची द्रव्ये तयार होतात. उष्णतेने हे विकर निकामी होते.

म्हणजे वास टाळायचा तर आधी शिजवावे लागते आणि दाटपणा टाळायचा तर आधी गार पाण्यात वाटावे लागते. त्यामुळे कृतीही दोन आहेत.

पहिली कृती: आधी शिजवून

1. 100 ग्रॅम वाटाणा 8 ते 10 तास भिजवावा. पोटात वायू धरायला लावणाऱ्या काही शर्करा भिजवणाच्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी टाकून द्यावे. वाटाणे हातांनी चोळून साले काढावीत.
2. नवे पाणी घालून कुकरमध्ये 4 ते 5 शिट्ट्या कराव्यात. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. शिजवणाचे पाणी निथळून टाकावे.
3. वाटाणे गार झाल्यावर थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटावेत. मग एकूण पाणी 1 लिटर होईल इतके वाढवून मलमलच्या कापडातून गाळावे.

हे दूध चवीला सौम्य पण दाट होते आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर आणखी दाटते. नुसते पिण्यापेक्षा सूप, खीर, लापशी किंवा फळांच्या स्मूदीत ते चांगले लागते.

दुसरी कृती: आधी वाटून, मग निवळून

कुरडईसाठी गव्हाचा चीक करताना भिजवलेले गहू वाटून गाळतात आणि रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून देतात. तळाशी बसतो तो चीक, म्हणजे मुख्यतः स्टार्च. वाटाण्याच्या दुधाची युक्ती हीच आहे, फक्त इथे वरचे पाणी ठेवायचे आणि तळाचा साका बाजूला काढायचा.

1. वाटाणा वरीलप्रमाणे भिजवून सोलावा. वास फारच नकोसा असेल तर 2 ते 3 मिनिटे खळखळत्या पाण्यात घालून लगेच गार करावा. जास्त वेळ ठेवू नये, कारण उष्णतेने प्रथिने घट्ट होतात आणि मग ती पाण्यात कमी उतरतात.
2. 300 मिलिलिटर गार पाण्यात 2 मिनिटे बारीक वाटावे. आणखी 700 मिलिलिटर गार पाणी घालून कापडातून घट्ट पिळून गाळावे.
3. पातेले न हलवता तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर ठेवल्यास उन्हाळ्यात द्रव आंबू लागतो. तळाशी पांढरा साका बसला की वरचे दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे.
4. जाड बुडाच्या पातेल्यात ते सतत ढवळत तापवावे. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी 15 मिनिटे ठेवावे. फेस येऊन ते पटकन उतू जाते, म्हणून पातेले मोठे घ्यावे.

ही उकळी टाळून चालत नाही. कच्च्या वाटाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारी काही द्रव्ये असतात आणि ती नीट उकळल्यावरच निष्प्रभ होतात. गाळलेले कच्चे दूध पिऊ नये.

तापवताना दूध एकदम दाटले तर साका पुरेसा बसला नव्हता असे समजावे. पुढच्या वेळी जास्त वेळ थांबावे.

दोन्ही कृतींत शेवटी चिमूटभर मीठ, 2 बिया काढलेले खजूर आणि थोडी वेलची घालून मिक्सरमधून फिरवावे. सोबत 2 चमचे बिनवासाचे तेल घातले तर पाणचटपणा जातो. वाटाण्यातली प्रथिने तेलाचे बारीक थेंब धरून ठेवायला मदत करतात.

चहा-कॉफीत ते फाटते का?

कधीकधी फाटते. वाटाण्याची प्रथिने आम्लता वाढून पीएच साधारण 4.5 झाला की एकमेकांना चिकटून गोळा होतात. कॉफीचा पीएच 5 च्या आसपास असतो, म्हणजे ती या सीमेच्या जवळ असते. त्यात गार दूध एकदम ओतले की गुठळ्या दिसतात. त्यासाठी दूध आधी कोमट करावे आणि कोरा चहा किंवा कॉफी त्यात हळूहळू मिसळावी. लिटरभर दुधात अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यासही फरक पडतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

विकतचे दूध वेगळे का लागते?

कारखान्यात वाटाण्याचे पीठ किंचित अल्कधर्मी पाण्यात कालवून प्रथिने विरघळवतात, स्टार्च आणि तंतू वेगळे काढतात आणि मग आम्ल घालून प्रथिने खाली बसवतात. चहात जे नको असते तेच इथे मुद्दाम घडवून आणले जाते. या शुद्ध प्रथिनांत पाणी, तेल, साखर, दाटपणा टिकवणारे पदार्थ, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिसळून दूध तयार होते. घरी यातले बरेचसे होत नाही, त्यामुळे पाकिटावरचे पोषणाचे आकडे घरच्या दुधाला लागू होत नाहीत.

मग घरच्या दुधात असते काय?

हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम वाटाण्यातली सगळी 22 ग्रॅम प्रथिने 1 लिटर पाण्यात उतरली असे धरले, तरी 200 मिलिलिटरच्या पेल्यात साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त येत नाहीत. प्रत्यक्षात बराच भाग चोथ्यात आणि साक्यात राहतो. गायीच्या दुधाच्या तेवढ्याच पेल्यात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात.

कॅल्शियमची तफावत याहून मोठी आहे. गायीच्या दुधाच्या पेल्यातून सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. 100 ग्रॅम वाळलेल्या वाटाण्यात ते 50 ते 75 मिलिग्रॅमच असते, म्हणजे घरच्या दुधाच्या पेल्यात फार तर 15 मिलिग्रॅम. ब 12 जीवनसत्त्व तर त्यात नसतेच.

प्रौढ माणसाला ही उणीव इतर अन्नातून भरून काढता येते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळही उपयोगी आहेत. प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ न खाणाऱ्यांना ब 12 साठी मात्र गोळ्या किंवा ते मुद्दाम मिसळलेले पदार्थच घ्यावे लागतात.

लहान मुलांच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरते. 2001 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील दोन लहान मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली होती. दुधाऐवजी मुख्यतः तांदळाचे पेय मिळालेल्या एका मुलाला प्रथिनांच्या अभावाने क्वाशिओरकोर झाला होता, तर सोयाच्या पेयावर असलेल्या दुसऱ्याला मुडदूस.  एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरीऐवजी वाटाण्याचे दूध कधीही देऊ नये. त्याहून मोठ्या मुलाचे नेहमीचे दूध बंद करायचे असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

याला ‘दूध’ म्हणायचे का?

घरात म्हणायला हरकत नाही. नारळाचे दूध आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतच आलो आहोत. दुकानात मात्र नियम आहे. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना वनस्पतिजन्य पेये ‘दूध’ या नावाने न विकण्याची सूचना केली. नारळाच्या दुधासारखी रूढ नावे त्याला अपवाद आहेत.

किती दिवस टिकते? चोथ्याचे काय करावे?

उकळून गार केलेले दूध स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि 3 दिवसांत संपवावे. त्याचे थर वेगळे झाले तर ते खराब झाले असे नाही. बाटली हलवली की ते पुन्हा एकजीव होते. आंबूस वास आला किंवा तार सुटू लागली तर टाकून द्यावे. चोथा थालीपीठाच्या पिठात किंवा कटलेटमध्ये घालावा. तळाचा साका धिरड्यात किंवा सूप दाट करायला वापरता येतो. कच्चा चोथा आणि साका मात्र पूर्ण शिजवूनच खावा. प्रथिनांचा बराच वाटा त्यांच्यातच राहिलेला असतो, त्यामुळे ते टाकून देऊ नयेत.