औषध आणि अनुपान

वैद्याने दिलेली मात्रा सहाणेवर उगाळून मधात चाटवायची की तुपात, आल्याच्या रसात द्यायची की कोमट पाण्यात, या प्रश्नाला आपल्या जुन्या वैद्यकात औषधाच्या निवडीइतकेच महत्त्व होते. कारण द्रव्य तेच असले तरी ज्याच्या सोबतीने ते शरीरात शिरते त्या अनुपानावर त्याचे गुणावगुण अवलंबून असतात, अशी त्या शास्त्राची धारणा होती. स्तनाच्या कर्करोगावर गेल्या तीन दशकांत जी अतिसूक्ष्म कणांतून देण्याची औषधे प्रचारात आली, त्यांचा इतिहास वाचताना या धारणेचे मला वारंवार स्मरण झाले. त्यांतील प्रमुख औषधांची मूळ द्रव्ये जुनीच होती. बदलले ते अनुपान.

त्यांपैकी एका द्रव्याची कुळकथा थेट नंदुरबारपर्यंत येऊन पोहोचते. १९६२ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून पॅसिफिक यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची साल गोळा केली, आणि ती पुढे नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा रसायनशास्त्रज्ञांच्या स्वाधीन झाली. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला आणि रसायनाचे शिक्षण त्यांनी मुंबई विद्यापीठात घेतले. बारा किलो वाळलेल्या साली-खोडांतून त्यांच्या हाती जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य लागले. परंतु चिकाटीने त्यांनी त्याची रचना उलगडली आणि १९७१ साली ती प्रसिद्ध केली. तेच टॅक्सॉल, अर्थात पॅक्लिटॅक्सेल. पेशीचे विभाजन होताना ज्या सूक्ष्मनलिका जुळतात आणि पुन्हा सुटतात, त्यांना हे द्रव्य जुळलेल्या स्थितीतच जखडून टाकते, आणि विभाजन अर्ध्यावर अडलेली पेशी मरते, हा उलगडा सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली केला.

एवढे सामर्थ्य असलेल्या या द्रव्यात एक मोठी उणीव होती. ते पाण्यात विरघळत नसे, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देता येत नाही. तेव्हा तजवीज अशी झाली की एरंडेलावर रासायनिक संस्कार करून बनविलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रवात, मद्यार्काच्या साहाय्याने, ते विरघळवून द्यावे. आपल्या घरोघरी कोठा साफ करण्यासाठी परिचित असलेल्या तेलाचे हे रूपांतर रक्तात शिरताच कित्येक रुग्णांना श्वास कोंडण्याचा, रक्तदाब कोसळण्याचा, क्वचित प्राणांतिक अशा प्रतिक्रियेचा अनुभव येऊ लागला. म्हणून औषधापूर्वी स्टेरॉइड आणि अॅलर्जीविरोधी औषधे देण्याचा आणि नेहमीच्या मात्रेसाठी सलाइन तीन तास सावकाश चालविण्याचा दंडक पडला. रोगाशी झुंजणाऱ्या स्त्रीला औषधाखेरीज औषधाच्या वाहनाशीही झुंजावे लागत होते.

२००५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी ज्या नव्या रूपाला परवानगी दिली, त्यात पॅक्लिटॅक्सेल मानवी रक्तातीलच अल्ब्युमिन या प्रथिनात गुंफलेले होते. असा एक कण सुमारे १३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात, आणि आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, एवढ्यावरून त्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. एरंडेल गेले, त्याबरोबर स्टेरॉइडची सक्ती गेली, आणि तीन तासांचे काम अर्ध्या तासावर आले. ज्या चाचणीच्या आधारे ही परवानगी मिळाली, तीत गाठी लक्षणीय प्रमाणात आकसलेल्या स्त्रियांचे प्रमाण जुन्या रूपात १९ टक्के, तर नव्या रूपात ३३ टक्के होते. परंतु हिशेब पुरा मांडायचा तर हेही नमूद केले पाहिजे की नव्या रूपाची मात्रा मोठी होती, आणि हातापायांना तीव्र मुंग्या व बधिरता येण्याचा त्रास २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दर आठवड्याला दिलेल्या साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा हे रूप सरस ठरले नाही.

दुसरी कथा डॉक्सोरुबिसिनची, ज्याच्या लाल रंगाची रुग्णांना धास्तीच बसते. हे द्रव्य गाठीवर प्रभावी, पण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू दुबळा होतो. त्यामुळे वैद्याला प्रत्येक रुग्णाच्या दप्तरात आयुष्यभराच्या मात्रेची बेरीज ठेवावी लागते. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ अॅलेक बँगहॅम यांना असे दिसले की विशिष्ट मेदद्रव्ये पाण्यात आपोआप पोकळ गोलकांचे रूप घेतात. जेरुसलेममधील बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी तशा गोलकांत हे लाल औषध कोंडले, गोलकांवर एका बहुवारिकाचे आवरण चढवून त्यांना यकृत-प्लीहेतील भक्षक पेशींच्या नजरेआड ठेवले, आणि १९९५ साली ते अमेरिकेत प्रथम एका वेगळ्या कर्करोगासाठी मान्य झाले. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवरील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोगावरील परिणाम दोन्ही रूपांत सारखाच राहिला. मात्र हृदयाची इजा साध्या रूपात ४८ जणींना, तर गोलकांतील रूपात १० जणींना झाली. केस गळण्याचे प्रमाणही ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. त्याची किंमत तळहात-तळपायांच्या कातडीने मोजली : ती लाल होऊन सोलवटण्याचा त्रास जवळजवळ निम्म्या स्त्रियांना झाला.

या कणांकडून मूळ अपेक्षा याहून फार मोठी होती. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि सच्छिद्र असतात, निचऱ्याची व्यवस्था अपुरी असते, म्हणून मोठे रेणू तेथे झिरपून साचतात, असे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ साली दाखविले, आणि नेमक्या गाठीवरच जाऊन पडणारा रामबाण आता हाती येणार, अशी आशा जगभर पालवली. परंतु दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांची झडती घेऊन टोरोंटोच्या संशोधकांनी २०१६ साली जो आकडा मांडला तो असा, की दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के आहे. त्याच वर्षी, कर्करोगाच्या पेशीवरील हर-टू हे चिन्ह ओळखणारी प्रतिद्रव्ये ज्यांच्यावर बसविली होती अशा डॉक्सोरुबिसिन-गोलकांची चाचणी, लाभाची शक्यता दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

या हकिकतीतून निराशेचा निष्कर्ष काढण्याचे मला कारण दिसत नाही. २०१२ साली अमेरिकेत गोलकांतील डॉक्सोरुबिसिनचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे तेच औषध तात्पुरते आयात करण्यास मुभा दिली. ज्या औषधाचा खंड सरकारला असह्य वाटतो, ते रुग्णांच्या खऱ्या उपयोगी पडलेले असते.

रामबाण म्हणून तोलले तर हे कण उणे ठरतात, आणि जाहिरातीत त्यांचा तसा उदोउदो करणे ही रुग्णाची फसवणूक आहे. पण आपले वैद्यक रोगबळाबरोबर रोगीबळही पाहण्यास सांगते, आणि त्या मापाने या अनुपानाची कमाई स्पष्ट दिसते. कणांनी गाठीवरील घाव फारसा तीव्र केला नाही. तो घाव घालताना रुग्णाचे हृदय सांभाळले, श्वास कोंडविणारे वाहन दूर केले. उपचार महिनोन् महिने चालायचे असतात, आणि सोसवत नाही म्हणून अर्ध्यावर सुटलेले उत्तम औषधही निष्फळच असते. यू वृक्षाच्या सालीतून वाणी यांनी जे द्रव्य हाती दिले, ते मुळातच प्रखर होते. ते सोसवेल असे करण्याचे काम अनुपानाचे आहे, आणि ते अजून चालू आहे.